अर्धी पोळी, एक कार्टून

आमच्या घरात काही वर्षं जेवणाचं एक वेगळंच माप चालायचं. एक कार्टून म्हणजे अर्धी पोळी. मुलगा चारेक वर्षांचा होता. ताटासमोर बसवला की तोंड शिवल्यासारखं बंद. टीव्हीवर बोका उंदरामागे धावायला लागला की तेच तोंड आपोआप उघडायचं, घास आत जायचा आणि डोळे पडद्यावरून हलायचे नाहीत. भाजीपोळीला दोन कार्टून लागायची, वरणभात असेल तर तिसरं.

भरवायचं काम माझं होतं. माझी आई पलीकडे खुर्चीत बसून वाती वळायची. टॉम आणि जेरी ही नावं तिने कधी उच्चारली नाहीत. एक बोका, दुसरं उंदरू. ‘मेला परत आपटला बघ,’ असं म्हणून ती हसायची, मग नातू हसायचा, आणि त्याने आ केला की मी पुढचा घास सरकवायचो. आईला इंग्रजी येत नव्हतं, मुलाला वाचता येत नव्हतं. त्या खोलीत कुणाचंच कुठे अडत नव्हतं.

व्हीसीडी मी स्टेशनबाहेर घेतली होती, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून बसलेल्या माणसाकडून. वेष्टनावर टॉम, जेरी आणि काही संबंध नसताना मिकी माऊस. एका व्हीसीडीत ७४ मिनिटांचा ऐवज मावतो, म्हणजे नऊ-दहा कार्टून. त्यातलं चौथं आमचं सगळ्यांत लाडकं. टॉम काळा कोट घालून पियानो वाजवायला बसतो आणि पियानोच्या पोटात जेरी झोपलेला असतो. पण नेमक्या त्याच जागी चकतीवर ओरखडा होता. उंदीर सापळा घेऊन यायचा, चित्राचे चौकोन व्हायचे आणि एकच सूर टँ-टँ-टँ करत अडकायचा. मी चकती काढून बनियनला पुसायचो, पुन्हा घालायचो. पुन्हा तिथेच टँ-टँ-टँ. रिमोटवरचं ‘नेक्स्ट’ बटण कुठलं, हे मुलगा त्यातूनच शिकला.

त्यानंतर तेच कार्टून मी लेझरडिस्कवरून उतरवलेल्या प्रतीत पाहिलं, डीव्हीडीवर पाहिलं, ब्लू-रेवर पाहिलं. पंचेचाळीस-पन्नास वेळा तरी सहज झालं असेल. एकदाच पाहण्यासाठी केलेली गोष्ट माणसं पन्नास वेळा का पाहतात, हा प्रश्न त्या ओरखड्यापासून माझ्यामागे लागला आहे.

*

ही कार्टूनं खरोखरच एकदा पाहण्यासाठी होती, आणि ती मुलांसाठी नव्हती. अमेरिकेतल्या चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी बातमीपट, जाहिराती आणि सात-आठ मिनिटांचं कार्टून दाखवायचे. समोर दिवसभराच्या कामाने थकलेली मोठी माणसं बसलेली असायची. कार्टूनचं काम एवढंच की त्यांना खुर्चीत सैलावू द्यायचं.

एमजीएम स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी फेब्रुवारी १९४० मध्ये ‘पुस गेट्स द बूट’ नावाचा लघुपट आणला. त्यात बोक्याचं नाव जॅस्पर होतं आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं. पुढे त्यांचे टॉम आणि जेरी झाले आणि १९५८ पर्यंत या जोडीचे ११४ लघुपट आले. तेरा वेळा ऑस्करची नामांकनं मिळाली, सात वेळा ऑस्कर. सातही बाहुल्या निर्माता म्हणून फ्रेड क्विम्बी यांच्या हाती गेल्या. ज्यांच्या डोक्यातून बोका-उंदीर निघाले, ते दोघं त्या मंचावर नव्हते.

कामाची वाटणी ठरलेली होती. बार्बेरा चित्रं काढून गोष्ट आणि विनोद रचायचे; हॅना वेळ मोजायचे. बोका कड्यावरून किती चौकटी लोंबकळेल, किती चौकटींनंतर खाली पाहील आणि त्यानंतर किती चौकटींनी पडेल, याचं गणित ते संगीताच्या मात्रांवर बसवायचे. टॉमच्या शेपटीवर काही पडलं की येणारी ती प्रसिद्ध किंकाळीही हॅना यांचीच. स्वतः ओरडून ध्वनिमुद्रण केलं, मग आवाज चढतानाचा आणि उतरतानाचा भाग कापून टाकला आणि मधला गाभा तेवढा ठेवला. म्हणून ती किंकाळी ऐकताना आपल्याला हसू येतं. दुखण्याला लागणारा वेळच तिच्यातून काढून टाकलेला आहे.

संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सगळा भार संगीतावर. स्कॉट ब्रॅडली हे एमजीएमचे कार्टून-संगीतकार. पन्नास वादकांच्या ताफ्यासाठी लिहावं तितक्या निष्ठेने ते उंदराच्या पावलांसाठी लिहायचे. शोनबर्ग या संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत त्या काळी मैफिलीतल्या श्रोत्यांनाही जड जात होती. ती त्यांनी १९४४ च्या एका लघुपटात कुत्र्याच्या मुखवट्यामागे लपलेल्या उंदरासाठी वापरली. आईला शोनबर्ग कोण ते ठाऊक नव्हतं. पण ते सूर लागले की ती वात वळायची थांबायची.

*

या कथेतली खरी खोच १९५७ सालची आहे. जुनी कार्टूनं चित्रपटगृहात पुन्हा लावली, तर नव्या कार्टूनच्या सुमारे ९० टक्के कमाई होते, असं कंपनीच्या हिशेबनिसांच्या लक्षात आलं. मग नवं काढायचं कशाला? एका फोनवर एमजीएमचा कार्टून विभाग बंद झाला. चित्रकार, रंगकाम करणाऱ्या बायका, सगळे घरी बसले. हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे तेवढ्या पैशात पुरं शरीर हलवणं परवडणारं नव्हतं, म्हणून डोकं स्थिर आणि जबडा तेवढा हलता अशी काटकसरीची पद्धत त्यांनी बसवली.

लोकांना पुन्हा पाहावंसं वाटतं, हेच त्या स्टुडिओच्या मुळावर आलं. माल इतका टिकाऊ निघाला की कारागिरांची गरज संपली. आपल्याकडच्या तांबटाला याचं नवल वाटणार नाही. त्याचा हंडा तीन पिढ्या चालतो, म्हणून तिसऱ्या पिढीत त्याचं दुकान चालत नाही.

पुढे नावं तीच ठेवून दुसऱ्या हातांनी टॉम-जेरी काढले. १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये तेरा लघुपट केले, १९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्स यांनी चौतीस. आमच्या व्हीसीडीवर हे सगळे एकत्र कोंबलेले होते, क्रम नाही, साल नाही. पण श्रेयनामावली वाचता न येणारा आमचा मुलगा प्रागचं कार्टून लागलं की दहा सेकंदांत म्हणायचा, ‘हा खोटा टॉम आहे.’ आणि घास थुंकायचा. त्यातला बोका वजनाशिवाय पडतो, आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमतात. एखाद्या चित्रपट-समीक्षकाने दोन पानांत सांगितलं असतं, ते त्याने एका घासात सांगितलं.

*

आपल्याकडे ही कार्टूनं घरात आली ती आधी मागच्या दाराने. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या पाठोपाठ व्हीसीआर. आम्ही वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायचो. आमचा कॅसेटवाला हिशेबी माणूस. १८० मिनिटांच्या फितीवर हिंदी सिनेमा संपला की उरलेल्या दहा-पंधरा मिनिटांत तो दोन कार्टून भरून द्यायचा, फीत रिकामी कशाला ठेवायची म्हणून. अमेरिकेत जे सिनेमाच्या आधी दाखवायचे, ते आमच्या चाळीत पहाटे पाचला, सिनेमाच्या शेपटाला लागायचं. निम्मी मंडळी आडवी झालेली असायची. जागी राहिलेली मुलं कॅसेट मागे फिरवून तेवढंच पुन्हा पाहायची.

आम्ही पाहिलेलं ते चित्र आणि ऐकलेलं ते संगीत मुळातलं नव्हतं, हे फार उशिरा कळलं. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी असतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला सेकंदाला २५ लागतात. सोपा उपाय म्हणजे फीतच थोडी जोरात पळवायची. त्यामुळे साडेसात मिनिटांचं कार्टून सात मिनिटं बारा सेकंदांत संपतं आणि सूर चढतो. काळी एकमध्ये वाजलेलं पांढरी दोनच्या दिशेने सरकतं. टॉम पियानोवर वाजवतो ती लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन रॅप्सडी मी पहिल्यांदा एका मैफिलीत ऐकली, तेव्हा वादक हळू वाजवतोय आणि पियानो उतरलाय असं मला वाटलं होतं.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. त्यामागेही एक व्यवहार होता. टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम विकत घेतलं, स्टुडिओ पुन्हा विकून टाकला, पण जुन्या चित्रपटांचा आणि कार्टूनांचा साठा स्वतःकडे ठेवला आणि त्यावर वाहिन्या उभ्या केल्या. म्हणूनच आपल्याकडे सुरुवातीच्या काळात रात्री कार्टून संपलं की त्याच वाहिनीवर जुने हॉलिवूडपट सुरू व्हायचे. मुलं रडायची, आजोबा चष्मा शोधायचे.

*

डीव्हीडीच्या रिमोटवर एक बटण असतं, एकेक चौकट पुढे सरकवणारं. ते बटण मला सापडलं आणि पाहण्याची तऱ्हाच पालटली.

पियानोचं ते कार्टून म्हणजे ‘द कॅट कॉन्चेर्टो’, १९४७ मध्ये ऑस्कर मिळालेलं. त्याच हंगामात वॉर्नर ब्रदर्सने बग्ज बनीला घेऊन, तीच लिस्टची रॅप्सडी वापरून, जवळपास याच कल्पनेचं कार्टून काढलं होतं. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर उचलेगिरीचा आरोप केला. खरं काय ते बाजूला ठेवू. मी चौकट चौकट पुढे सरकवत टॉमच्या बोटांकडे पाहत बसलो.

साडेसात मिनिटं म्हणजे १०,८०० चौकटी. संथ हालचालीत एक चित्र दोन चौकटी टिकतं, वेगात प्रत्येक चौकटीला नवं चित्र. टॉमची बोटं नुसती पट्ट्यांवर नाचत नाहीत. जो सूर ऐकू येतो, बहुतेक ठिकाणी त्याच सुराच्या पट्टीवर बोट पडतं. जिथे हात धावतो तिथे चित्रकाराने बोटं काढायचं सोडून कोरड्या कुंचल्याचा फटकारा मारलेला आहे, नुसती धूसर शेपटी. थांबवून पाहिलं तर ते चित्र विद्रूप दिसतं. सोडून दिलं की पियानो वाजतो. जेरी झाकण आपटतो आणि टॉमची बोटं पापडासारखी चपटी होतात, पण चेहरा? चेहरा कलावंताचाच राहतो, प्रेक्षकांसमोर आब राखणारा. हसू बोटांचं येत नाही, त्या चेहऱ्याचं येतं. आपल्याकडच्या संगीत नाटकात तबल्याची शाई फुटली तरी गाणारा नट शालीची घडी सावरत पुढचा अंतरा घ्यायचा, तो हाच आब.

लांग लांग हा चिनी पियानोवादक सांगतो की दोन वर्षांचा असताना टीव्हीवर हेच कार्टून पाहून त्याला पियानो वाजवावासा वाटला. बोटं खोटी असती, तर ते पोर इतकं खिळून राहिलं असतं का, असं मला वाटून जातं.

चित्रपटगृहात हे कुणाला दिसलं नसतं. सेकंदाचा चोविसावा भाग कुणाला पकडता येतो? आणि तरी त्या चित्रकारांनी तो रंगवला. केन म्यूज, एड बार्ज, आयर्व्हन स्पेन्स ही त्यांची नावं. घरातल्या चकतीने त्यांना, फार उशिरा, तेवढा बारकाईने पाहणारा प्रेक्षक मिळवून दिला.

*

पण चकतीवर जे येतं ते तरी अस्सल असतं का?

१९५० पर्यंतचे चित्रपट नायट्रेट फितीवर असत. ही फीत जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसमधल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि एमजीएमच्या जुन्या कार्टूनांची बरीच मूळ निगेटिव्ह गेली. पुणेकरांना ही आग परकी वाटणार नाही. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा असाच जळाला. एकेकाळच्या प्रभातच्या त्या आवारातून प्रभातचा वारसा धुरात वर जाताना लोकांनी पाहिला. त्यामुळे टॉम-जेरीचं आज जे लखलखीत रूप दिसतं, ते बरंचसं वाचलेल्या दुसऱ्या प्रतींवरून घासूनपुसून काढलेलं आहे.

घासणंही जपून करावं लागतं. डीव्हीडीच्या काळात धूळ-ओरखडे आपोआप पुसणारी एक संगणकी पद्धत आली. यंत्राचा नियम साधा: आदल्या चौकटीत नाही, पुढच्या चौकटीत नाही, मधल्या एकीतच आहे, ती रेघ म्हणजे ओरखडा. पुसून टाका. आता जोरात फिरणारी शेपटी घ्या. तिची रेघही त्या जागी एकाच चौकटीपुरती असते. यंत्राने धुळीबरोबर शेपट्या, मिशा, बोटांच्या कडा पुसल्या. संग्राहकांनी ते एकेक चौकट थांबवून हेरलं आणि आरडाओरडा केला. ज्या रेघा कुणी पाहणार नाही असं समजून काढल्या होत्या, त्यांच्या वतीने लोक भांडले, याचं मला फार अप्रूप आहे.

दुसरं पुसणं यंत्राने केलेलं नाही. सुरुवातीच्या कार्टूनांत घरकाम करणारी एक काळी बाई आहे. तिचे पाय आणि झाडू दिसतो, चेहरा जवळजवळ कधीच नाही. तो काळ्या मोलकरणीचा ठोकळेबाज साचा होता आणि त्याबद्दल तेव्हाही आक्षेप घेतले गेले. आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. पडद्यावर तिचं नाव नाही. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही कार्टूनांतली ती बाई काढून त्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली गेली, पुढे नव्वदीत आवाजही बदलले. आमच्या फुटपाथी चकतीवर दोन्ही तऱ्हा होत्या. मुलाने एकदा विचारलंच, ‘ही बाई गोरी कशी झाली?’ मी म्हटलं, ‘दुसरी असेल.’ उत्तर चुकीचं होतं आणि एका अर्थी बरोबरही.

२०११ मध्ये, टर्नर यांचा तो साठा एव्हाना हाती आलेल्या वॉर्नरने पहिल्या ३७ लघुपटांचा ब्लू-रे संच काढला. दुसऱ्या संचाची यादी जाहीर झाली तेव्हा त्यात ‘माऊस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ नव्हते. दोन्हींत चेहरा काळा होण्याचा, वर्णद्वेषी म्हणावा असा विनोद आहे. चाहते चिडले. त्या विनोदाची बाजू कुणी घेत नव्हतं. सगळं द्या आणि आधी सूचना लिहा, एवढंच मागणं होतं. २०१३ मध्ये तो संच रद्द झाला. अखेर २०२५ च्या डिसेंबरात सगळे ११४ लघुपट, ते दोन धरून, एका ब्लू-रे संचात आले.

मला दोन्ही बाजू कळतात. चार वर्षांच्या मुलाला भरवताना तो विनोद समोर आला असता, तर मीही ‘नेक्स्ट’ दाबलं असतं. पण दाबणारा अंगठा माझा असता. कार्टून चकतीवर असतं, मुलगा मोठा झाल्यावर दोघांनी बसून पाहिलं असतं, मी माझ्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती केली असती. मूळच हलवलं की दुरुस्ती करायलाही काही उरत नाही.

इंटरनेटवरच्या सेवांचं नेमकं इथेच फिसकटतं. तिथे सगळं आहे असं वाटतं, आणि आपलं काहीच नसतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मॅक्स सेवेवरून वॉर्नरच्या लूनी ट्यून्स मालिकेची सुवर्णकाळातली कार्टूनं रातोरात गेली, तीही ज्या कंपनीने ती बनवली तिच्याच सेवेवरून. कपाटातली चकती इतकी बेइमान नाही. ती अडकते, बुरशी धरते, पण अडकते तीही दरवेळी त्याच जागी.

*

मुलगा आता नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतो. गेल्या दिवाळीत आला होता. फराळ करून करून तोंड आंबलं होतं, म्हणून रात्री साधं भाजीपोळीचं जेवण केलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिची खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. मी काही न बोलता पियानोचं कार्टून लावलं. चित्र आरशासारखं स्वच्छ, संगीत मूळ पट्टीत. त्याच्या ते लक्षात आलं. ‘जरा स्लो वाटतंय नाही?’ म्हणाला. मी त्याला चोवीस-पंचवीसचं गणित सांगितलं. त्याने मान डोलावली, पण लक्ष पडद्यावर होतं.

मग जेरी सापळा घेऊन आला. मी पाहिलं, मुलाने घास तोंडापाशी धरून ठेवला होता आणि दुसरा हात टेबलावर काहीतरी चाचपत होता. रिमोट माझ्याकडे होता. पडद्यावर सापळा काही पट्ट्यांच्या जागी बसला, टॉमचं बोट पुढे आलं, चाट्कन आवाज झाला आणि संगीत न अडखळता पुढे गेलं.

‘इथे अडकायचं ना बाबा?’ तो म्हणाला.

‘हो, इथेच.’

मग आम्ही दोघं शेवटपर्यंत गप्प बसून पाहत राहिलो. टॉम दमून कोलमडला, टाळ्यांचा झोत उंदरावर पडला, काळा कोट घातलेलं ते उंदरू वाकून नमस्कार करतं झालं. माझ्या ताटात अर्धी पोळी तशीच राहिली होती.